ताराबाई भवाळकर आणि जात्यावरची सीता



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे पाठविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही ऊसतोडीचे दर, मुकादमी आणि कारखानदारी यांविषयी बोलू. ती अपेक्षा वावगी नव्हती, कारण गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलोच नाही. आम्ही उलट टपाली कळविले की विषय 'डॉ. तारा भवाळकर यांचे लोकसाहित्य व रंगभूमीवरील कार्य' असा ठेवावा. त्यावर चालकांपैकी एकांनी फोन करून विचारले, "दुसऱ्या कोणा वक्त्याचे पत्र चुकून तुमच्या नावावर तर आले नाही ना?" त्यांचेही बरोबर होते. आमची शाळा सातवीत सुटली. महाविद्यालयाची पायरी आम्ही चढलो ती बहुतेक वेळा निवेदन देण्यासाठी आणि एकदोनदा पोलीस मागे लागले म्हणून. तेव्हा एका विदुषीच्या पांडित्याचे माप काढणे हा आमचा अधिकार नव्हे. या बाईंच्या ग्रंथांनी आमच्या कामातील एक मोठी चूक आमच्या पदरात घातली. ती चूक आपणांपुढे मांडावी एवढ्यासाठी आज उभे आहोत. ती कळण्यासाठी जरा फेरा घ्यावा लागेल.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगाम ऐन भरात होता. आपल्या पाटोदा आणि शिरूर कासार तालुक्यांतल्या काही टोळ्या सांगली जिल्ह्यात उतरल्या होत्या. एका टोळीचा हिशेब तुंबला, म्हणून आम्ही तिकडे गेलो. ज्या गृहस्थांस भेटावयाचे ते दोन दिवस भेटेनात. वेळ घालविण्यास रद्दीच्या एका दुकानात शिरलो आणि वेष्टन फाटलेले एक पुस्तक वजनावर घेतले. पुस्तके वजनावर घेण्याची आमची जुनी सवय. आमचे सारे शिक्षण किलोच्या भावाने झालेले आहे. पुस्तकावर नाव होते तारा भवाळकर. हे नाव त्यापूर्वी आम्ही ऐकलेले नव्हते.

रात्री कोपीत चिमणीच्या उजेडात वाचू लागलो. लोकपरंपरेतील सीतेविषयीचा मजकूर होता. वाचता वाचता आम्हांस आई आठवली. ती पहाटे तीनला जात्यावर बसे, आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून आम्ही अर्धवट झोपेत सीतेचा वनवास ऐकत असू. भोवती बसलेल्या गडीमाणसांना आम्ही तो वनवास आपल्या शब्दांत सांगू लागलो : कैकयीने सीतेस विचारले, रावण दिसतो कसा? सीतेने भिंतीवर रावणाचे चित्र काढले, ते रामाने पाहिले आणि… एवढ्यात शेजारच्या कोपीतून, भाकरी थापता थापता, एक बाई मोठ्याने म्हणाली, "असं न्हाई ते. आधी आंगठा."

आम्ही गप्प झालो. बाई पुढे सरकली आणि तिने आमची दुरुस्ती केली. सीतेने रावण पाहिलेलाच नव्हता. मान वर करून ती त्याच्याकडे बघेल कशी? खाली घातलेल्या नजरेला त्याच्या पायाचा अंगठा तेवढा दिसला होता. सासूने फारच गळ घातली तेव्हा सीतेने भिंतीवर एक अंगठा काढला. तो अंगठा धरून उरलेला रावण काढला तो कैकयीने. आणि मग मुलाला हाक मारून दाखविले, बघ तुझ्या बायकोच्या मनात कोण आहे ते. त्यापुढे रथ, लक्ष्मण, अरण्य. त्या अरण्यात बाळंतपणाला सुईण नाही, काटेरी झाडे सीतेची समजूत घालतात. हे सारे त्या बाईने गाऊन नव्हे, सांगून दाखविले, आणि भाकरी करपू दिली नाही.

मंडळी, पोथीत सीतेच्या त्यागाचे कारण म्हणून धोबी येतो. लोकांत कुजबुज झाली, राजाने प्रजेचा मान राखला, असा तो प्रकार. आमच्या बायकांनी तो धोबी काढून टाकला आणि कारण घरात आणून ठेवले : एक सासू, एक भिंत आणि खातरजमा न करणारा नवरा. ज्यांना घरातून बाहेर काढले जाते त्यांना ते कोण काढते हे पक्के ठाऊक असते. वाल्मीकींचा अधिकार मोठाच. पण आमच्या पाटोद्याच्या त्या बाईस सासर ठाऊक होते. ही निरक्षर बायकांनी केलेली कथेची फेरमांडणी आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे, हे आम्हांस त्या फाटक्या पुस्तकाने प्रथम दाखविले. तोवर आम्ही ओवीला आईची आठवण समजत होतो. विचार असतो तो पुस्तकात, असा स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाचा एक भाबडा समज असतो. तो आमचाही होता.

आता या लेखिकेची ओळख करून देणे प्राप्त आहे. ताराबाईंचा जन्म १ एप्रिल १९३९ चा, पुण्याचा. १९५८ पासून १९७० पर्यंत त्या माध्यमिक शाळेत शिक्षिका होत्या. पुढे १९७० ते १९९९ अशी एकोणतीस वर्षे त्यांनी सांगलीच्या चंपाबेन शाह महिला महाविद्यालयात मराठी शिकविले. बारा अधिक एकोणतीस म्हणजे एकेचाळीस वर्षांची नोकरी झाली. आमच्या धंद्यात आम्ही आधी सेवेची वर्षे मोजतो, म्हणून हा हिशेब. नोकरी चालू असता आणि सुटल्यानंतरही त्यांनी ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. 'लोकसंचित', 'लोकनागर रंगभूमी', 'मिथक आणि नाटक', 'स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर', 'मायवाटेचा मागोवा', 'तिसऱ्या बिंदूच्या शोधात', अलीकडचे 'सीतायन' : ही काही नावे. सगळी आम्ही वाचली आहेत असे म्हणणार नाही; रद्दीत सगळी येत नाहीत.

त्यांच्या आधी या वाटेने गेलेली माणसे थोडी नव्हती. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहून या अभ्यासाला शास्त्राची शिस्त लावली. सरोजिनी बाबरांनी गावोगावच्या बायकांकडून मिळविलेले धन पुस्तकांत भरून ठेवले. रा. चिं. ढेऱ्यांनी देवदेवतांची मुळे उकरली. आणि आपल्या मराठवाड्यात प्रभाकर मांड्यांनी 'गावगाड्याबाहेर' लिहून, ज्यांना गावात जागा नाही त्यांच्या जिण्याला विद्यापीठात जागा दिली. २०२३ च्या आरंभी त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. ताराबाईंचे वेगळेपण आम्हांस असे दिसते की एक पाय जात्याशी आणि एक पाय रंगमंचावर रोवून त्या उभ्या राहिल्या, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारी वाट कोणती, हे त्यांनी जन्मभर तपासले.

ही वाट सांगलीत तपासावी हे योग्यच झाले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि तो दिवस आपण आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता. शाळेच्या पुस्तकात गोष्ट येथे सुरू होते आणि येथेच संपते : राजाने आज्ञा केली, भाव्यांनी नाटक केले, मराठी रंगभूमी जन्मास आली. जणू पाळणा राजवाड्यात हलला आणि बाळ आपोआप आले! परंतु त्याच्या आदल्याच वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक खेळ सांगलीस आला होता आणि तो पाहून राजाला मराठीत तसे काही व्हावेसे वाटले, ही गोष्टही तितकीच जुनी आहे. ताराबाईंनी आपला डॉक्टरेटचा प्रबंध मराठी पौराणिक नाटकाच्या जडणघडणीवर, आरंभापासून १९२० पर्यंतच्या काळावर, लिहिला. आणि 'यक्षगान आणि मराठी नाट्यपरंपरा' हा स्वतंत्र ग्रंथ लिहून त्या कानडी पाहुण्यांचा माग काढला.

भाव्यांचा खेळ कसा होता हे थोडे सांगितले पाहिजे, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. सूत्रधार मागे साथीदारांसह उभा राहून पदे गात असे. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. पद संपले की नट आपल्या मनाने बोलत. आरंभी गणपती येई, सरस्वती मोरावर बसून येई, झाडपाला गुंडाळलेला विदूषक येऊन सूत्रधाराशी वाद घाली. राक्षस आले की आरडाओरडा आणि तलवारींचा खणखणाट असा चाले की पुढे लोकांनी त्या साऱ्या प्रकाराला 'अललडुर्र' असे नावच पाडले. आता आपण कोकणातील दशावतार पाहा, तेथेही आधी गणपती आणि सरस्वती. यक्षगान पाहा, तेथेही गाणारा भागवत खेळ चालवितो. आपल्या गावच्या जत्रेतले भारूड किंवा गोंधळ्याची रात्र आठवा : एकाने गायचे, दुसऱ्याने मध्येच अडवून विचारायचे, आणि प्रश्नोत्तरांतून आख्यान पुढे सरकायचे. शहरातल्या नाट्यगृहाची तिकीटखिडकी उघडण्याच्या कितीतरी आधीपासून हा कारखाना गावोगाव चालू होता. ताराबाईंच्या एका ग्रंथाचे नावच 'लोकनागर रंगभूमी' आहे; लोकांची आणि नागरांची, दोन्ही एका शब्दात. मध्ये त्यांनी टिंबसुद्धा ठेवलेले नाही.

आम्हां संघटनेच्या माणसांना पौराणिक नाटकाविषयी उगाच तुच्छता असते. देवाधर्माचा बाजार, असे आम्ही तरुणपणी म्हणत असू. पण १९०७ साली खाडिलकरांनी 'कीचकवध' लिहिले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि सरकारनेही ओळखले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुराण तेच, द्रौपदी तीच. पण सरकारने भ्यावे असे त्यात काही भरता येत होते. जुनी गोष्ट नव्या रागाने सांगता येते, हे नाटककारांना ठाऊक होते आणि जात्यावरच्या बायकांनाही.

येथे आमच्या मनात आलेला एक विचार सांगतो. तो ताराबाईंचा नव्हे, आमचा आहे आणि चुकीचा असल्यास आमच्याच खाती मांडावा. मराठी रंगभूमीची पहिली नायिका सीता, आणि आमच्या आयांच्या ओवीतलीही नायिका सीताच. परंतु पुरुषांनी राजाच्या आश्रयाने मांडले ते सीतेचे स्वयंवर. बायकांनी पहाटेच्या अंधारात गायिला तो सीतेचा वनवास. त्यांना स्वयंवर ठाऊक नव्हते असे नाही. लग्नाच्या ओव्याही त्या गातच. पण डोळ्यांत पाणी येई ते स्वयंवरानंतरच्या हकिकतीला. आणि राजवाड्यातली ती सीता कोण होती? लुगडे नेसलेला एक मुलगा. सीतेचे दुःख जिने भोगले तिला रंगमंचावर येण्यास पुढे किती वर्षे लागली हे आपण जाणता. तोवर तिचा रंगमंच म्हणजे दोन दगड.

आमचे एक जुने सहकारी आहेत. त्यांना हे असले बोलणे खपत नाही. ते म्हणतात, "तुमची ओवी शेवटी काय शिकवते? भाऊ मोठा, कुंकू मोठे, सहन कर. जाते बंद पडले हे बरेच झाले." या आक्षेपाला आमच्याकडे सोपे उत्तर नाही. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी आमच्या आईने जाते उचलून दाराआड उभे केले, आणि त्यावर हळदीकुंकू वाहिल्यानंतर पुन्हा म्हणून त्याला हात लावला नाही. "ओवी गेली" म्हणून ती रडली असे आम्ही पाहिले नाही. तिचे खांदे दुखायचे थांबले. जात्याचे गोडवे गातात ते बहुधा कधी दळलेले नसतात. आणि हेही खरे की ओव्यांत सोसणे शिकविणाऱ्या ओव्या पुष्कळ आहेत. भावाच्या गाडीची वाट पाहण्यात जन्म गेलेल्या बायकांनी दुसरे काय गावे?

पण ताराबाईंनी ओवीची पूजा बांधलेली नाही. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर' असे आहे. स्त्रीमुक्ती हा शब्द विलायतेहून आला असेल, परंतु तो सूर येथल्या मुक्ताबाई-जनाबाईपासून दळणाऱ्या बाईपर्यंत येथेच लागलेला होता, असे त्या मांडतात. सूर लागला म्हणजे मुक्ती झाली असे त्या म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर मागणीपत्र तयार होते, वाटाघाटीला समोर कोणी बसलेले नव्हते. ज्या बाईला दिवसभर तोंड उघडण्याची मुभा नाही, ती पहाटे दगडाच्या घरघरीआड बोलते. सासूला ऐकू जाते. पण ते बोलणे नव्हे, गाणे असते, म्हणून सासूला काही करता येत नाही. मालकाच्या दारात घोषणा देणाऱ्या आमच्यासारख्यांना ही युक्ती कधी सुचली नसती.

आता आमच्या चुकीकडे येतो.

ऊसतोडीत माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. उचल दिली जाते नवऱ्याच्या हाती, अंगठा किंवा सही त्याची, मुकादमाच्या वहीत नाव त्याचे. बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते, परत येऊन पुन्हा चूल पेटविते. वहीत ती 'कोयता' या शब्दाच्या अर्ध्या भागात असते, आणि तो अर्धा भाग कोणता हे वहीही सांगत नाही. मुकादमाची वही सोडा. आमच्या संघटनेच्या पावतीपुस्तकात काय होते? तेथेही नवऱ्याचेच नाव. आम्ही वर्षानुवर्षे सभेत विचारीत आलो, "किती कोयते आले?" आणि टाळ्या वाजत आल्या.

ओवीचेही तसेच. ओवीखाली नाव नसते. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचे नाव आपण सांगतो, दासोपंतांचे सांगतो. दासोपंतांना कागद पुरेना म्हणून त्यांनी कापडाच्या पासोडीवर लिहिले. ती पासोडी आपण अभिमानाने दाखवितो आणि दाखवावीच. पण ज्या बाईजवळ कागदही नव्हता, पासोडीही नव्हती, तिने जे रचले त्याला आपण म्हणतो 'पारंपरिक'. म्हणजे कोणाचेच नाही. बेवारस मालाला आणि या शब्दाला फारसे अंतर नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत नोंदले. त्यांची मंडळी १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगरातही आली होती. तेथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या, त्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. जिल्ह्यात त्या वर्षी आमचाही मुक्काम होता. माजलगावात आमच्या सभाही झाल्या. त्या ओव्या आम्ही ऐकल्या नाहीत, कारण त्या सभेत गायिलेल्या नव्हत्या.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण देतो. आयर्लंड हा देश आपल्यासारखाच इंग्रजांच्या ताब्यात होता आणि त्याची जुनी भाषा खेड्यापाड्यांत, समुद्रकाठच्या बेटांवर उरली होती. तेथे लेडी ग्रेगरी आणि येट्स यांनी खोपटांतून ऐकलेल्या कथा नाटकांत आणल्या, १९०४ साली डब्लिनमध्ये ॲबे थिएटर उघडले. पुढे १९३५ साली त्या देशाच्या सरकारने लोककथा टिपण्यासाठी आयोगच नेमला आणि माणसे सायकलीवर गावोगाव धाडली. ब्लास्केट नावाच्या बेटावर पेग सेयर्स म्हणून एक बाई राहत असे. तिला आपली भाषा लिहितावाचता येत नव्हती. तिने आपली जीवनकथा मुलाला सांगितली, त्याने ती लिहून घेतली आणि १९३६ साली पुस्तक निघाले. पुस्तकाचे नाव 'पेग'. पुढे ते तेथल्या शाळांत नेमले गेले, आणि नेमलेल्या पुस्तकाचा मुले जेवढा कंटाळा करतात तेवढा त्याचाही केला म्हणतात. कंटाळा का होईना. मुलांना तिचे नाव तरी पाठ झाले.

आपल्या जिल्ह्यात बायकांची नावे मोजली गेली ती कशापायी, हे सांगताना जीभ जड होते. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. साऱ्या देशाने बीडचे नाव त्या आठवड्यात घेतले. आम्हांलाही वार्ताहरांनी विचारले, "तुम्ही इतकी वर्षे त्यांच्यात राहता, तुम्हांस ठाऊक नव्हते?"

काय सांगावे? ठाऊक होते आणि नव्हते. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड कापला जातो, कोपीजवळ आडोसा नसतो, पाणी नसते, दुखणे अंगावर काढले जाते, हे कोणाला ठाऊक नव्हते? पण तो 'बायकांचा विषय'. आम्ही कोपीबाहेर पुरुषांत बसून दर टनाचा हिशेब करीत होतो आणि आत बायका आपसांत हेच बोलत होत्या. मध्ये पाचटाची भिंत होती, तीतून आवाज येत होता. दराचे बोलणे आम्हांस ऐकू येई, ते येत नसे. ताराबाईंसारखी अभ्यासक जन्मभर जे करीत आली ते हेच : बायका आपसांत काय बोलतात ते कान देऊन ऐकणे आणि ते ज्ञान आहे असे मानून लिहिणे. आम्ही समजत होतो की तो विद्यापीठातला छंद आहे आणि आमचे ते काम. तो कान आम्हांला दहा वर्षे आधी आला असता तर आमच्या मागणीपत्रावर दराच्या वर आणखी एक कलम असते. ही आमची चूक, आणि ती सांगण्यास आम्ही हा विषय मागून घेतला.

२०२० च्या हंगामापासून आमच्या पावतीपुस्तकात एका कोयत्यामागे दोन नावे लिहितो. पहिल्या वर्षी पुरुष हसले. एक मुकादम म्हणाला, "दोन नावं लिहिली म्हणून दोन उचली देणार नाही." आम्ही म्हटले, "आज नाव तर लिहू द्या."

गेल्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिल्लीस ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दिल्लीला ते प्रथम भरले १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. त्यानंतर सत्तर वर्षांनी हे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेला होता, त्यामुळे थाट मोठा होता. अध्यक्षस्थानी होत्या ८५ वर्षांच्या ताराबाई भवाळकर. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष आणि अरुणा ढेरे यांच्यानंतर त्या पदावर बसलेल्या त्या सहाव्या बाई. ९८ संमेलनांत सहा. हाही एक कोयत्याचाच हिशेब म्हणावा.

त्या दिवशी आम्ही योगायोगाने पुन्हा सांगलीकडेच होतो. पट्टा पडायला महिना-दीड महिना उरलेला होता. संध्याकाळी कोपीवर एका पोराच्या मोबाईलवर आम्ही दिल्लीचा सोहळा लावून घेतला. आवाज तुटत होता. पोरे कंटाळून उठून गेली. राहिल्या दोन-चार बायका आणि बावीस वर्षांपूर्वी आमची दुरुस्ती करणारी ती पाटोद्याची बाई. आता तिच्याने तोड होत नाही. नातवंडे सांभाळायला लेकासोबत येते. पडद्यावर ताराबाई दिसल्या. आम्ही तिला सांगितले, "मावशी, या बाईंनी जात्यावरच्या सीतेवर पुस्तकं लिहिली आहेत. प्राध्यापक होत्या, हितंच सांगलीला."

ती बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई जात्यावर बसल्यात का कधी?"

आम्ही म्हणालो, "ते ठाऊक नाही. विचारू."

"इचार," ती म्हणाली. "आन् आंगठ्याचं नीट लिवलंय का, त्ये बी बघ."